पाच शेर लांबी

माझी दाढी भाऊ रेग्यांच्या आमटीत पडली तो मार्चमधला एक रविवार होता. साल एकोणीसशे पंचावन्न. दाढी म्हणजे आख्खी दाढी नव्हे. वस्तरा झटकताना साबणाबरोबर जे काही खाली पडतं, तेवढंच. पण भाऊंनी तिचा उल्लेख 'भाडेकरूची दाढी' असा केला आणि पुढे जो पत्रव्यवहार झाला त्यात शेवटपर्यंत तोच शब्द कायम राहिला.

भाऊ आमचे घरमालक. घाटकोपरला स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर त्यांचं माडीचं घर आहे. खाली भाऊ आणि रत्नप्रभाबाई, माडीवर मी आणि सुहासिनी. मध्ये फळ्यांची जमीन. आमची जी जमीन, तेच त्यांचं छत. पुढच्या खोलीतल्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटून आहेत. मागच्या खोलीत, म्हणजे जिथं आमचा स्वयंपाक होतो आणि खिडकीपाशी बसून मी दाढी करतो तिथं, फळ्यांचं आपसात पटत नाही. उन्हाळ्यात तर बसल्या जागेवरून भाऊ आज काय जेवताहेत ते कळतं. त्यातली एक फट सगळ्यांत मोठी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेलेली. सुहासिनीच्या सुया, माझी पेन्सिल, मोहरी, मेथीदाणे, सगळं त्या फटीतून खाली जायचं. रत्नप्रभाबाई भल्या बाई, त्या सगळं एका डब्यात जमवून संक्रांतीला परत करायच्या. मोहरीसुद्धा.

वस्तूंचं एक वेळ ठीक होतं, पण शब्दही खाली जायचे. एकदा जेवताना मी भाऊंना 'खवीस' म्हणालो. दुसऱ्या दिवशी जिन्याशी भाऊ भेटले आणि म्हणाले, "नमस्कार. खवीस बोलतोय. उद्यापासून नळ सहालाच बंद होईल." तेव्हापासून आम्ही नवराबायको मागच्या खोलीत भाऊंची फक्त स्तुती करत असू आणि भांडायचं झालं तर पुढच्या खोलीत जात असू.

भाऊंना आमची जागा हवी होती. त्यांचा एक पुतण्या बडोद्याला होता आणि तो कधीही मुंबईला बदलून येईल असं ते आठ वर्षं सांगत होते. पण भाडेनियंत्रणाचा कायदा झालेला. भाडेकरूला उगाच काढता येत नाही. त्याचा उपद्रव सिद्ध करावा लागतो. आठ वर्षं भाऊ माझ्यात उपद्रव शोधत होते, तो त्यांना आमटीत सापडला.

तिसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पत्र आलं. भाऊ माझ्यापासून अकरा फुटांवर राहतात, तेही सरळ खाली. तरी ते पत्र आधी पोस्टात गेलं, तिथं त्यावर शिक्के बसले, मग पोस्टमन ते घेऊन आला, खाली भाऊंकडे चहा प्याला आणि वर येऊन त्यानं माझी सही घेतली. भाऊ महसूल खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पत्र उत्तम होतं, हे मान्य करायला हवं. मी स्वतः फोर्टातल्या एका विमा कंपनीत पत्रव्यवहार विभागात आहे. माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम आमचे साहेबसुद्धा हलवत नाहीत. त्यामुळे चांगलं पत्र आलं की, ते माझ्या मुळावर आलेलं असलं तरी, मला दोनदा वाचावंसं वाटतं.

"वरील मजल्यावरून खाली पडणारा केर, पाणी व दाढी एक महिन्याच्या आत बंद न झाल्यास," भाऊंनी लिहिलं होतं, "जागा खाली करून मिळण्यासाठी कोर्टात जाणे भाग पडेल." आणि खाली दुसरा परिच्छेद : "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय इमारतीस कोणत्याही प्रकारे हात लावल्यास त्याचीही गंभीर दखल घेतली जाईल."

म्हणजे फटी बुजवल्या नाहीत तर घराबाहेर, आणि बुजवल्या तरी घराबाहेर. त्या काळी जागा सोडणं सोपं होतं, मिळणं अशक्य होतं. जागा गेली असती तर सुहासिनी चिपळूणला माहेरी गेली असती आणि मी ऑफिसातल्या टेबलावर झोपलो असतो. आमचे एक टायपिस्ट तसे दोन वर्षं झोपत होते. ते टेबल त्यांच्या नावानं ओळखलं जायचं.

समोरच्या घरात बाळ चित्रे राहतो. त्याला कळायला वेळ लागला नाही, कारण पोस्टमन त्याच्याकडेही चहा पितो. बाळ गोदीत नोकरीला आहे आणि जगात त्याला येत नाही असं काही नाही.

"हात्तिच्या! एवढंच ना?" बाळ म्हणाला. "कागदाचा लगदा कर. मेथी भिजवून वाट, त्यात घाल, थोडी कणीक घाल आणि ठोक फटीत. माझी आजी सुपं लिंपायची त्यानं. दगडासारखा होतो बघ."

"पण परवानगी?"

"लगद्याला कसली रे परवानगी? ते काय बांधकाम आहे? यार, तू फार कागद वाचतोस. आता जरा भिजव."

मी वर्षभराची रद्दी भिजवली. दोन दिवस घरात मेथीचा वास आणि सगळीकडे अग्रलेख. सुहासिनी एकही शब्द न बोलता वाटत होती. ती बोलत नाही तेव्हा मी फार जपून वागतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही शेवटची फट भरली. रविवारी मी निर्धास्त मनानं दाढी केली. सोमवारी उंदरांना बातमी लागली आणि मंगळवारपर्यंत आख्ख्या आळीतले उंदीर आमच्या मागच्या खोलीत जेवायला येऊ लागले. मेथी आणि कणीक! त्यांनी फटी वरून कोरल्या, खालून कोरल्या, आणि बुधवारी एक उंदीर, खाता खाता तोल जाऊन, भाऊंच्या पूजेच्या ताम्हनात पडला.

दुसरं रजिस्टर्ड पत्र आलं. 'केर, पाणी, दाढी व उंदीर.'

"आता तरी सुताराला बोलवा," सुहासिनी म्हणाली. "ज्याचं काम त्याला विचारायचं सोडून तुम्ही गोदीतल्या माणसाला विचारता."

तिनंच लवू मेस्त्रीला निरोप धाडला. लवू मालवणकडचा. शब्द जपून वापरणारा माणूस. आला तो सरळ जमिनीवर पालथा झोपला, फटीला डोळा लावला, चार ठिकाणी फळीवर बोटांनी ठोकलं आणि उठून बसला.

"सायबानू, ह्यो पुढल्यो फळयो सागवानाच्यो," तो म्हणाला. "ह्यो मागल्यो आंब्याच्यो. ओल्योच मारल्यानी. मगे सुकल्यो नि आवळल्यो."

"मग उपाय काय?"

"लांबी भरूक व्हयी."

"लांबी?"

"होय तर. पाच शेर तरी लागतली. पण आता नको. पावसात फळी फुगता. आता भरलास तर आषाढात फळयो उठान उभ्यो रवतल्यो. चार म्हयने थांबा."

चार महिने थांबायला माझ्याकडे होते कुठं? महिन्यातले बारा दिवस तर लगद्यात गेले होते. मी त्याला म्हटलं, "तू तयारीला लाग. परवानगीचं मी बघतो."

लवू गेल्यावर सुहासिनी म्हणाली, "अहो, लांबी म्हणजे काय ते विचारलं नाहीत."

"लांबी म्हणजे लांबी," मी म्हणालो. "बी.ए.ला माझं मराठी होतं."

आता मागाहून सगळेच हसतात, पण माझा विचार किती सरळ होता बघा. फळ्या सुकून आवळल्या. आवळल्या म्हणजे जमीन तोकडी झाली. तोकडी झाली म्हणजे लांबी कमी पडली, आणि कमी पडलेली लांबी भरून काढायला हवी. यात कुठं चुकलं? पाच शेर तेवढे मला जरा खटकले. पण हात, वीत, मूठ तसं सुतारांचं कोकणातलं एखादं माप असेल म्हणून मी ते सोडून दिलं. एका सुतारापुढे 'मला समजलं नाही' असं म्हणायचं पत्रव्यवहार विभागातल्या माणसाच्या जिवावर येतं, हे मी इथं कबूल करून टाकतो.

रात्रभर शब्द जुळवून सकाळी मी भाऊंना अर्ज लिहिला. "मागील खोलीच्या जमिनीची लांबी कमी पडत असल्याचे तज्ज्ञांच्या पाहणीत आढळून आले आहे. सबब सदर लांबी भरून काढण्याचा माझा इरादा असून, लागणारी लांबी कोकणी मापाने अंदाजे पाच शेर आहे. तरी आपली लेखी परवानगी मिळावी." खाली सही, नंदकुमार टिपणीस. अर्ज मीही रजिस्टर्डच पाठवला. आपण काही कमी नाही.

खरं तर भाऊंना त्या अर्जावर हसायला यायला हवं होतं. पण भाऊही जन्मभर लेखणीच धरलेले. हातोडी त्यांनी उचलली असेल ती फार तर आयुष्यात एकदा, पंचांग टांगायला. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांना दिसलं ते इतकंच, की भाडेकरू घर मागच्या बाजूनं वाढवतोय! त्यांच्या पेरूच्या झाडावर माझी खोली येणार! खालून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला : "रत्नप्रभे, सापडला! आता अतिक्रमण! लेखी!" मूळ अर्ज त्यांनी तिजोरीत ठेवला आणि त्याची नक्कल, आपल्या तक्रारीसह, बांधकामावर नजर ठेवणाऱ्या एका कचेरीला पाठवली. कचेरीचं नाव मी सांगत नाही, कारण मला अजून तिथं जावं लागतं.

मला तिथून बोलावणं आलं. काउंटरवरच्या कारकुनानं तीन प्रतींचा फॉर्म पुढे केला. त्यात रकाने होते : रुंदी, उंची, लांबी.

"वाढीव लांबी?" कारकुनानं विचारलं.

"पाच शेर."

त्यानं मान वर केली. "लांबी शेरात?"

"कोकणी माप आहे."

तो आतल्या टेबलावर जाऊन आला आणि म्हणाला, "शेराचे फूट करून मिळायला पाहिजेत. नाहीतर साहेब जागेवर येऊन मोजतील." मला शेराचे फूट करता येईनात. तेव्हा साहेब येणार हे नक्की झालं.

एप्रिलच्या दहा तारखेला साहेब आले. हातात टेप, टेपचं दुसरं टोक धरायला शिपाई आणि काखेत घराचा जुना नकाशा. त्यांनी आधी बाहेरून सगळं घर मोजलं. मग सगळे वर आमच्या मागच्या खोलीत जमले. भाऊ नवीन टोपी घालून आले होते. लवूलाही मी बोलावून घेतलं होतं, माझ्या बाजूचा तज्ज्ञ म्हणून.

"कुठल्या बाजूला लांबी वाढवणार?" साहेबांनी विचारलं.

"वाढवणार नाही, भरून काढणार," मी म्हणालो. शब्दाच्या बाबतीत मी ढिलाई करत नाही.

"पेरूच्या बाजूला!" भाऊ ओरडले. "माझ्याकडे लेखी आहे!"

"हे बघा, एकेकानं बोला. मेस्त्री, तू सांग. किती लांबी लागणार?"

"पाच शेर," लवू म्हणाला.

"फुटात सांग."

"फुटात कशी सांगू सायबा? लांबी फुटात गावत नाय." लवूनं पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला पांढरा गोळा काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "ही काय लांबी. खडूची पूड नि अळशीचा तेल. फटीत भरतत ती."

कणकेच्या गोळ्यासारखा तो गोळा जमिनीवर पडला होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. मी बघत होतो, भाऊ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा दोघांच्या तोंडावर एकच भाव असावा. सुहासिनीनं पदर तोंडात कोंबला आणि ती पुढच्या खोलीत पळाली, पण त्या खोलीतून हसणं ऐकू येतं हे ती विसरली. शिपाईसुद्धा हसला. एवढ्या लोकांदेखत माझं बी.ए. कधी उतरलं नव्हतं. कान तापले, मान खाली गेली, आणि मान खाली गेल्यामुळे पुन्हा तो गोळाच दिसला.

"म्हणजे बांधकाम काही नाहीच," साहेब म्हणाले. त्यांनी फाईल मिटली. भाऊंचा चेहरा पडला. माझा जीव भांड्यात पडायला नुकती सुरुवात झाली होती, तेवढ्यात साहेबांनी फाईल पुन्हा उघडली.

"एक गंमत आहे. नकाशात हे घर तीस फूट लांब आहे. आता मोजलं तर छत्तीस भरलं."

लवूला वाटलं आपल्यालाच विचारलंय. "तां माका ठाऊक," तो म्हणाला. त्यानं मोठ्या फटीवर पाय ठेवला. "जुना घर हय संपता. हेच्या फुडल्यो फळयो आंब्याच्यो. धा वर्सां झाली असतली."

"भाऊसाहेब," साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "मागचं बांधकाम केव्हाचं?"

"पूर्वापार," भाऊ म्हणाले, पण आवाज टोपीच्या आतच राहिला.

साहेब खाली बसले. त्यांनी मोठ्या फटीची रुंदी तीन ठिकाणी मोजली, अर्धा इंच. कागदावर तिचं चित्र काढलं आणि आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आठवड्यानं दोघांच्याही नावे हुकूम आला. "सदर फट हा बेकायदा वाढीव बांधकामाचा पुरावा असल्याने ती आहे तशीच ठेवावी. फटीची चौकशी पूर्ण होईपर्यंत पाडकाम तहकूब. फट बुजवल्यास पुरावा नष्ट केला असे समजून वाढीव भाग ताबडतोब पाडण्यात येईल."

वाढीव भाग म्हणजे खाली भाऊंची जेवणाची जागा आणि वर आमचं स्वयंपाकघर, मोरी, खिडकी, सगळंच. राहिली असती ती फक्त भांडण्याची पुढची खोली. सुहासिनी दोन दिवस हसली नाही.

पण एक झालं. भाऊंची नोटीस आपोआप मेली. मी फटी बुजवत नाही अशी तक्रार त्यांना आता करता येईना, कारण फटीला सरकारी संरक्षण मिळालं होतं. भाऊंनी पाट मुकाट्यानं पुढच्या खोलीत नेला. लवू गोळा घेऊन परत गेला. बाळ चित्र्यानं फटीभोवती दोरी बांधून पाटी लावायचा सल्ला दिला, तो मी ऐकला नाही. कचेऱ्यांचा मला थोडा अनुभव आहे. चौकशी एकदा सुरू झाली की माणूस सुखानं म्हातारा होतो. मी निर्धास्त होतो.

आषाढात एका सकाळी सुहासिनीनं हाक मारली. "अहो, इकडे या आधी. फट कुठाय?"

फट नव्हती! हवेत ओल धरली होती, आंब्याच्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि मोठ्या फटीच्या जागी एक बारीक रेघ उरली होती. तिच्यात सुहासिनीची सुईसुद्धा जाईना. लवूनं हे मार्चमध्येच सांगितलं होतं, पण तेव्हा मी मनातल्या मनात अर्ज लिहीत होतो.

आणि त्याच आठवड्यात साहेबांचं पत्र आलं : शुक्रवारी फटीची पाहणी.

मी धावत खाली गेलो. भाऊंना सांगितलं तेव्हा ते मटकन खाली बसले. मग जे झालं ते मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. भाऊंनी आपली शेगडी वर आणली, आम्ही आमची पेटवली, आणि भाडेकरू व मालक दोघंही फळीवर ओणवे होऊन फट शेकू लागलो. भाऊ पंख्यानं वारा घालत होते. रत्नप्रभाबाई खालून छताला तवा धरून उभ्या होत्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोन तासांत फळी करपली आणि फट तसूभरही उघडली नाही.

शुक्रवारी साहेबांनी रेघ पाहिली, चित्र पाहिलं, पुन्हा रेघ पाहिली. "बुजवली," ते म्हणाले. "वर जाळपोळही केलीत."

"बुजवली नाही हो, फुगली!" भाऊ कळवळून म्हणाले. "फळी फुगलीय!"

"तशी तरतूद नाही," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांत फट हजर करा."

त्या संध्याकाळी भाऊ आणि मी एका कागदावर ओणवून संयुक्त अर्ज लिहिला. सरळ सांगतो, तो अर्ज माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लिखाण आहे, आणि त्यातलं अर्धं भाऊंचं आहे. 'संकुचित' की 'अंतर्धान पावलेली' यावर आम्ही तासभर भांडलो. शेवटी 'ऋतुमानानुसार मिटलेली' असं ठरलं. लवूला लाकडावरचा तज्ज्ञ म्हणून जोडलं, त्यानं अंगठा न उठवता झोकदार सही केली तेव्हा मी जरा ओशाळलो. ती फट मार्चमध्ये आपण होऊन उघडेल, अशी हमी आम्ही दोघांनी दिली. मग वाट बघणं आलं. पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. रोज ऑफिसातून येताना कोपऱ्यावरून आधी घराची मागची बाजू जागेवर आहे ना, ते बघायचो.

श्रावणाच्या सुरुवातीला भाऊ स्वतः जिना चढून वर आले. साहेबांबरोबर आणि शेगडीबरोबर आले ते सोडलं तर आठ वर्षांत पहिल्यांदाच. धापा टाकत त्यांनी उत्तर माझ्या हातात दिलं.

"अर्जदारांचा दावा पडताळून पाहण्यासाठी मार्च छप्पनमध्ये फेरतपासणी होईल. फट त्या वेळी पूर्वीच्या मापाची न आढळल्यास पाडकाम अटळ आहे. दरम्यान फट वरील मजल्यावर असल्याने तिचा ताबा भाडेकरूकडे राहील. फटीचा अंतिम निकाल लागेपर्यंत भाडेकरूने जागा सोडू नये व मालकाने त्यास सोडावयास लावू नये."

मी ते तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीपाशी माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! आठ वर्षं जी धास्ती उशाला घेऊन झोपत होतो ती एका ओळीत गेली होती, आणि ओळही व्याकरणशुद्ध होती.

भाऊ मात्र जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्या बारीक रेघेवरून बोट फिरवत होते.

"टिपणीस, मार्चात उघडेल ना हो नक्की?"

"उघडेल, भाऊ. लवूनं सांगितलंय."

"आणि नाही उघडली तर?"

सुहासिनीनं चहाचे कप आमच्या मध्ये ठेवले. "नाही उघडली तर लवूकडून पाडून घेऊ. फट हो, घर नव्हे."

भाऊंनी दचकून दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "अर्धा इंचच होती ना?"